पंचवीस किलोंच्या वर

रात्री साडेनऊला फोन वाजला. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, सरळ प्रश्न, "राणाचं वजन किती आहे हो सध्या?"

राणा आमचा ग्रेट डेन. असं कुत्रं घरी असलं की वजनाचा प्रश्न अंगवळणी पडतो. लोक रस्त्यात थांबवून विचारतात, वजन किती, खातो किती, केवढ्याला घेतला. पण हा आवाज सकाळच्या ओळखीचा होता. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर जर्मन शेफर्ड घेऊन फिरायला येणारे आमचे सर बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्यात घाई होती.

"बावन्न किलो," मी म्हणालो.

"लसी?"

"सगळ्या झाल्यात."

"मग त्याला घेऊन लगेच दवाखान्यात या. एका कुत्रीला रक्त लागतंय."

आम्हा मोठी कुत्री पाळणाऱ्यांना एकत्र आणलं ते परभणीच्या उन्हानं. मे महिन्यात इथं पारा 44-45 अंशांवर जातो. सकाळी नऊनंतर डांबरावर कुत्र्याचा पंजा टेकवणं म्हणजे त्याला तव्यावर उभं करणं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकत, जिभेवाटे तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि अंग जेवढं मोठं तेवढा ते निवायला वेळ लागतो. म्हणून ज्यांच्या घरी असं धिप्पाड जनावर आहे ते सगळे पहाटे पाचला, झुंजुमुंजू असतानाच बाहेर पडतात. कापडदुकानदार, बँकेतल्या एक बाई, गॅरेजवाला, फळांचा गाडा लावणारे चाचा, निवृत्त तलाठी. एरवी ही माणसं एकमेकांच्या दारात कधी गेली नसती. सूर्याच्या धाकानं ती एका वेळी एका रस्त्यावर आली आणि हळूहळू एकमेकांची झाली.

इथंच एक सांगून टाकतो. आल्प्सच्या बर्फात वाढलेला सेंट बर्नार्ड किंवा सायबेरियातला हस्की परभणीत आणू नये, हे माझं ठाम मत आहे. एसीच्या खोलीत दिवस काढणारं कुत्रं मी पाहिलंय. त्याचे डोळे पाहिल्यावर ज्यानं आणलं त्याचा राग येतो. ग्रेट डेनलाही हे ऊन सोपं नाही. उन्हाळाभर राणाच्या जागेवर ओलं पोतं आणि माठातलं पाणी ठेवावं लागतं, आणि दुपारी घराबाहेर पडायचं नाही हा नियम त्याच्याबरोबर आम्हालाही पाळावा लागतो.

त्या पहाटेच्या रस्त्यावर आम्ही एकमेकांकडून पुष्कळ शिकलो. पिल्लाला गुळगुळीत फरशीवर घसरू द्यायचं नाही, खुब्याचे सांधे बिघडतात. मोठ्या हाडाच्या जातीला वाढत्या वयात कॅल्शियमचा मारा करायचा नाही, त्यानं फायदा होत नाही, अपायच होतो. पोटभर जेवलेल्या ग्रेट डेनला लगेच पळवायचं नाही. पोट फुगून त्याला पीळ बसला तर काही तासांत जीव जातो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बोटांच्या बेचक्यात घट्ट बसतो, तो कोमट पाण्यानंच सोडवायचा. आणि रश्श्यातला कांदा-लसूण अजिबात द्यायचा नाही, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ही शेवटची गोष्ट ऐकून बँकेतल्या बाई रस्त्यातच थांबल्या होत्या. उरलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करून कुत्र्यापुढे ठेवणं ही आपल्याकडची मायेची रीत. आईनं त्यांना तेच शिकवलं होतं.

आमचं दुसरं बोलणं असतं ब्लडलाइनचं. अमक्याचा बाप चॅम्पियन, तमक्याच्या आईकडून परदेशी रक्त. केनेल क्लबच्या कागदावर कुत्र्याच्या तीन पिढ्यांची नावं असतात. राणाचा तो कागद मी शेताच्या सातबाऱ्याबरोबर कपाटात जपून ठेवलाय. हा अभिमान पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवून, निवड करून वाढवलेल्या कुत्र्याचा स्वभाव, हाडपेर, संभाव्य दुखणी आधी सांगता येतात, आणि घरात लेकरं असली की त्याला मोल असतं. पण रोज तेच बोलत राहिलं की रक्त म्हणजे कागदावरची नावं, असं वाटायला लागतं. त्या रात्रीपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

दवाखान्यात टेबलावर कुत्री निजलेली होती. पालमकडच्या एका शेतातल्या आखाड्यावरची, तांबूस रंगाची, बेताच्या अंगाची, नुकतीच पिल्लं सुटलेली. गावठी. तिच्या हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या दिसत होत्या. गोचीड ताप. पावसाळ्याच्या दमट हवेत गोचिडी वाढतात, त्यांच्या चावण्यातून सूक्ष्म जंतू रक्तात शिरतात, तांबड्या पेशींत घर करतात आणि त्या फोडत सुटतात. हिमोग्लोबिन चारच्या खाली आलं होतं. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडेल, पण त्याला दोन दिवस लागतात आणि हिच्याकडे तेवढा वेळ नाही.

तिचा मालक दाराबाहेर उभा होता. चाळिशीचा शेतकरी. मोटारसायकलवर पोत्यात गुंडाळून, पुढ्यात धरून तो तिला घेऊन आला होता. राणा आत शिरला तेव्हा त्यानं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, आमची काई जातीची कुत्री न्हाई. चालंल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी सुई भरता भरताच विचारलं, "हिला याआधी कधी रक्त चढवलंय का?"

"न्हाई."

"मग चालतं."

मराठीत जात हा एकच शब्द आहे. जातिवंत घोडा, जातीची गाय, जातीचं कुत्रं आपण सहज म्हणतो, आणि माणसाला जोखायलाही तोच शब्द वापरतो. त्या शेतकऱ्याला हा शब्द आयुष्यात कुठे कुठे ऐकावा लागला असेल हे मला ठाऊक नाही. पण दाराबाहेर उभं राहण्याची सवय कुणाला एका दिवसात लागत नाही. त्याच्या कुत्रीच्या अंगात मोठ्या घरचं रक्त घालायला आमची हरकत असेल, अशी भीती त्याला वाटली होती. ती भीती त्याला वाटावी, यात आम्हा सगळ्यांचा वाटा आहे. रोज पहाटे मोठ्या आवाजात ब्लडलाइन बोलणाऱ्यांपैकी मी एक आहे.

राणाला एका कुशीवर निजवलं. मानेच्या शिरेजवळचे केस काढले. सरांनी मागचे पाय धरले, गॅरेजवाल्यानं डोकं मांडीवर घेतलं. पंचवीस किलोंपेक्षा जास्त वजनाच्या निरोगी कुत्र्याकडून एका वेळी सुमारे 450 मिलिलिटर रक्त घेता येतं. बावन्न किलोंच्या राणाच्या अंगात चार लिटरांहून अधिक रक्त असणार, म्हणजे त्यातला जेमतेम दहावा हिस्सा. लहान कुत्र्याला हे झेपत नाही. म्हणून असा फोन येतो तो मोठ्या जाती पाळणाऱ्यांनाच. ज्या आकाराकडे बघून लोक रस्ता बदलतात, त्या आकाराचा हा उपयोग मला त्या रात्री कळला. पिशवी भरेपर्यंत राणा हलला नाही. गॅरेजवाल्याचा हात त्याच्या कानामागे फिरत होता. पिशवी भरली तेव्हा त्या मालकाला डॉक्टरांनी आत बोलावलं आणि त्यानं स्वतःच्या हातानं ती धरली. ती किती ऊन लागते हे कळल्यावर तो एकदम माझ्याकडे वळून बघत राहिला.

डॉक्टरांच्या "मग चालतं" या दोन शब्दांमागे केवढं शास्त्र आहे, हे मी नंतर विचारून घेतलं. कुत्र्यांचे रक्तगट डझनाहून जास्त आहेत आणि ते जातीवर ठरत नाहीत. एका वेतातल्या दोन भावंडांचे गट वेगळे निघू शकतात, आणि डेनचा व गावठीचा एक निघू शकतो. माणसाच्या अंगात परक्या गटाविरुद्धची द्रव्यं जन्मानंतर लवकरच आपोआप तयार होतात. कुत्र्यात ती सहसा तशी नसतात. त्यामुळे पहिल्यांदा दिलेलं रक्त त्याचं शरीर बहुधा स्वीकारतं. दुसऱ्यांदा मात्र जुळवूनच द्यावं लागतं. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी इतरांपेक्षा जास्त असतात, म्हणून परदेशांत दाता म्हणून त्याला मोठा मान आहे.

रक्त देण्याची विद्याच मुळात कुत्र्यांपासून सुरू झाली. इंग्लंडमधल्या रिचर्ड लोअर या वैद्यानं एका मध्यम आकाराच्या कुत्र्याचं रक्त वाहू दिलं आणि तो मरणाच्या दारात असताना धिप्पाड मॅस्टिफ कुत्र्याचं रक्त नळीनं त्याच्या शिरेत सोडलं. कुत्रं उठून उभं राहिलं. हा वृत्तान्त 1666 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. माणसांचे रक्तगट सापडायला त्यानंतर 1901 साल उजाडलं. आज रक्तपेढीतून आपल्या माणसासाठी पिशवी घेऊन धावणाऱ्या कुणालाही त्या मॅस्टिफची आठवण असण्याचं कारण नाही, पण आपण त्याचं देणं लागतो.

आखाड्यावरच्या त्या कुत्रीच्या हिरड्यांवर पहाटे गुलाबी छटा आली. चौथ्या दिवशी ती पोत्यात न गुंडाळता, मोटारसायकलवर पुढे बसून गेली.

मार्गशीर्षात आम्ही माळेगावच्या यात्रेला जातो. नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं ठाणं पालमपासून जवळ आहे. खंडोबाच्या घोड्याबरोबर त्याचा कुत्राही असतो, तेव्हा त्याच्या दारी घोड्यांच्या जोडीनं कुत्र्यांचं प्रदर्शन भरावं हे साजेसंच. तिथं आपल्या मातीतली कारवान दिसते. लातूरकडच्या जानवळची कारवान तर नावाजलेली आहे. खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब पाय, आणि परक्याचा हात अंगाला लागू न देणारा मानी स्वभाव. बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ही कुत्री गावोगाव फिरली. 2005 साली टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यातला मुधोळ हाउंड म्हणजे हीच. ज्वारीच्या भाकरीवर, या उन्हात, शेताच्या राखणीला पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली ही जात आहे. नवीन कुत्रं घेणाऱ्याला मी आता आधी कारवान बघायला सांगतो.

त्या गर्दीत तो शेतकरी भेटला. त्यानं लांबूनच हाक मारली, "राणाचे मालक!" मग आम्हा सगळ्यांना आखाड्यावर हुरड्याला बोलावलं. आम्ही गेलो. सर, चाचा, गॅरेजवाला, बँकेतल्या बाई, सगळ्यांची कुत्री घेऊन. आगटीभोवती आम्ही बसलो, कोवळी कणसं भाजून हातावर चोळली, आणि ती तांबूस कुत्री राणाच्या भोवती दोनदा फिरून त्याच्या पोटाला टेकून निजली. ते पाहून मला संत नामदेव आठवले. त्यांचं नरसी बामणी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, 1999 पर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होतं. भाकरी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. ते कुत्रं कुठल्या जातीचं होतं, हे विचारावंसं त्या गोष्टीतल्या कुणालाच वाटलं नाही.

परभणीला 1972 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, शहरात डॉक्टर आहेत. कमी असतात ते रक्त देऊ शकणारे कुत्रे. चेन्नईच्या मद्रास व्हेटरनरी कॉलेजात जनावरांची रक्तपेढी आहे. तशी प्रत्येक जिल्ह्याला होईल तेव्हा होईल, तोवर आम्ही एक वही केली आहे. कुत्र्याचं नाव, वय, वजन, लसीची शेवटची तारीख आणि मालकाचा फोन. कागदपत्रं असलेली आणि नसलेली, दोन्ही कुत्री तिच्यात आहेत. जात हा रकाना आम्ही ठेवला नाही.

तुमचं कुत्रं पंचवीस किलोंच्या वर असेल, वय एक ते आठ वर्षांच्या आत असेल, स्वभावानं शांत असेल आणि त्याच्या लसी वेळेवर झालेल्या असतील, तर उद्या सकाळी त्याला तुमच्या पशुवैद्यकाकडे न्या, त्याचं रक्त तपासून घ्या आणि नाव नोंदवा. पाऊस सुरू झाला की गोचिडींचे दिवस येतात, आणि फोन रात्रीच येतो.