घाईत हाती लागलेला ऐवज

पेडणे महालातील जत्रांत दशावतारी नट लिखित संहितेवाचून रात्र जागवितात. आख्यान ठरलेले असते, संवाद मात्र उभ्याउभ्या सुचतात, आणि पहाटेपर्यंत राजा, राणी, राक्षस आपापली बाजू न अडखळता मांडीत असतात. हे बालपणापासून पाहिलेल्या माणसाने 'झटपट रचले ते हलके' असा निवाडा देऊ नये. तरीही मुदतीच्या दडपणाखाली कादंबरी लिहावी काय, हा प्रश्न गेले वर्षभर आमची पाठ सोडीत नाही.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतली ती ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, आणि १३ तारखेच्या पहाटे लेखणी खाली ठेवली. (ती कादंबरी की आत्मकथन, हा वाद येथे नको.) भालचंद्र नेमाडे यांनी 'कोसला' १९६३ साली पंधरवड्याच्या सुमारास हातावेगळी केली, हेच नेमाडे पुढे आपल्या गोवा विद्यापीठात इंग्रजी शिकवीत होते. दोघांच्या वेगाचे गमक आम्हांस एकच दिसते : ऐवज घरचा होता. कल्पनेने माणूस घडवावयाचा तर दिवस लागतात; आठवण हाक मारताच ओ देते. आईची परवानगी कोणी घेतली होती, असे कोणी विचारील. परंतु तेथे लेखक स्वतःही तितकाच उघडा पडतो.

रशियातील दोस्तोयव्हस्कीचे प्रकरण अधिक बिकट. कर्जापायी त्याने करार केला होता : १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी न दिल्यास नऊ वर्षे त्याचे लेखन प्रकाशकाने फुकट छापावे. अखेर आन्ना नावाच्या लघुलेखिकेला तोंडी सांगत त्याने 'जुगारी' २६ दिवसांत पुरी केली. जुगाराचे व्यसन त्याचे स्वतःचे, ते त्याने खुशाल मांडावे. पण नायिका पोलिना ही त्याच्या पूर्वीच्या प्रेयसीवर, पोलिना सुस्लोवावर, बेतलेली आहे असे अभ्यासक मानतात. नावसुद्धा तेच. सवड असती तर त्याने ते बदलले असते काय?

आता आमचे. एका संस्थेच्या कादंबरी-स्पर्धेस महिना उरला असता आम्ही लिहावयास बसलो. 'तातडीचे' अशी चिठ्ठी लावलेल्या फायली निकालात काढण्यात हयात गेलेली. रोज दहा पाने अवघड वाटली नाहीत. बाराव्या दिवशी कथानक अडले. तेव्हा डिचोली तालुक्यात नोकरीस असताना आमच्यापुढे आलेली एक विधवा आठवली. राहत्या घराच्या नोंदीसाठी तिने १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली अर्ज केला होता, आणि जबानीच्या ओघात, आम्ही विचारले नसतानाही, मुलगा घर सोडून का गेला तेही सांगून टाकले होते. कागदावर आम्ही ते घेतले नव्हते. कादंबरीत मात्र जसेच्या तसे उतरविले. नाव बदलले, गाव बदलला. वृंदावनाची फुटलेली कड आणि तिची बोलण्याची लकब तशीच राहिली. तेवढे बदलावयास दोन दिवस लागले असते, आणि ते दोन दिवस आम्हांस शुद्धलेखन तपासण्यासाठी हवे होते.

परीक्षकांनी नेमके तेच प्रकरण वाखाणले. बक्षीस मिळाले, छपाईचे ठरले. मग एका रात्री आम्ही ते प्रकरण पुन्हा वाचले. ती बाई अधिकाऱ्याशी बोलली होती, लेखकाशी नव्हे. तिच्या वाड्यावरचा कोणीही पहिल्या पानावरच तिला ओळखील. शिवाय त्या प्रसंगात उघडी पडली होती ती एकटी तीच. साहेब आपले खुर्चीत, इस्त्रीच्या सदऱ्यात.

ते प्रकरण काढून आम्ही नव्याने लिहावयास घेतले. सात महिने झाले, पाने चौदा. नवी बाई अद्याप मोकळेपणी बोलत नाही; कधी कधी जुनीच तिच्या तोंडून बोलू लागते, आणि पान फाडावे लागते. दरम्यान संस्थेचे पत्र आले आहे : पुढील महिनाअखेर हस्तलिखित न पोहोचल्यास स्पर्धेस आले होते तेच छापावयास घेऊ. कळवावे.

उत्तर अजून धाडलेले नाही.