हाकेची ओळख आणि हाकेचे ऋण

कोणी हाक मारली असता ओ देण्यापूर्वी हाक मारणारा कोण हे जाणून घेण्याचा अधिकार माणसाला आहे काय, आणि असल्यास, ते जाणल्यावर ओ न देण्याचाही अधिकार त्याला आपोआप प्राप्त होतो काय, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. परंतु घरच्या टेलिफोनला जोडावयाच्या कॉलर आयडी नावाच्या लहानशा यंत्राने तो आपल्या दिवाणखान्यात आणून ठेवला असल्यामुळे, आणि दिवसातून जितक्या वेळा घंटा वाजते तितक्या वेळा तो आपल्याला नव्याने सोडवावा लागत असल्यामुळे, त्याचा विचार धर्माच्या अंगाने करणे मला अगत्याचे वाटते.

यंत्र साधे आहे. भिंतीवरच्या रोझेटमधून निघणारी वायर त्याच्या ‘लाइन’ असे लिहिलेल्या खाचेत घालावयाची, ‘फोन’ असे लिहिलेल्या दुसऱ्या खाचेतून एक आखूड वायर टेलिफोनपर्यंत न्यावयाची, पाठीमागचे झाकण सरकवून सेल बसवावयाचे, तारीख आणि वेळ लावून घ्यावयाची, आणि ती सुविधा आपल्या लाइनीवर चालू नसेल तर टेलिफोनच्या कचेरीत तसा अर्ज द्यावयाचा, एवढ्यावर काम भागते. एक्स्चेंजकडून क्रमांक पाठविण्याच्या पद्धती मात्र निरनिराळ्या आहेत. एका पद्धतीत बटणे दाबताना ऐकू येतात तसल्याच सुरांत तो घंटेच्या आधीच येऊन पोचतो. दुसरीत, जी अमेरिकेत रूढ झाली, १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर आलटून पालटून वाजवून, सेकंदाला १२०० बिट या गतीने, दिनांक, वेळ आणि क्रमांक असा सारा मजकूर पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधल्या निःशब्द अवकाशात पाठविला जातो. तिकडची घंटा दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद थांबते. त्या चार सेकंदांच्या पोटात ही खबर येते, आणि उतावळेपणाने पहिल्याच घंटेला ज्याने रिसीव्हर उचलला त्याच्या पदरी ती पडत नाही. ज्ञान हवे असेल तर एक घंटा वाजू दिली पाहिजे, अशी या पद्धतीची अटच आहे.

या थांबण्याविषयी मला विशेष बोलावयाचे आहे, कारण दाराशी थांबण्याचा एक विधी आपल्या परंपरेलाही ठाऊक होता. वैश्वदेव आटोपल्यावर गृहस्थाने अंगणात उभे राहून, गाईची धार काढावयाला लागावा तेवढा वेळ अतिथीची वाट पाहावी, असे विष्णुपुराणात सांगितले आहे. आणि जो येईल त्याचे गोत्र, त्याची शाखा, त्याचे अध्ययन यांची चौकशी करू नये, असा दंडक पराशरस्मृतीने घालून दिला आहे. थांबणे दोन्हीकडे आहे, परंतु तिथे गृहस्थ थांबत होता तो कोणी यावा म्हणून, आणि इथे आपण थांबतो ते आलेल्याची पारख करावी म्हणून. रिसीव्हरकडे गेलेला हात मध्येच अडतो, नजर त्या करड्या पडद्यावर उमटणाऱ्या काळ्या आकड्यांवरून डावीकडून उजवीकडे फिरते, आणि शेवटचा आकडा वाचून होण्यापूर्वीच मनात निवाडा झालेला असतो. त्या निवाड्यात पलीकडच्या माणसाची बाजू ऐकली गेलेली नसते. त्याने अजून तोंडदेखील उघडलेले नसते.

पूर्वीही दार वाजले की आतून ‘कोण आहे?’ असे विचारले जात होतेच, मग यंत्राने तेच विचारले तर काय बिघडले, असा आक्षेप येईल. आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. दाराआडून विचारलेला प्रश्न माणसाला विचारलेला असतो आणि त्याचे उत्तर माणूस देतो. त्या उत्तरात त्याचा आवाज असतो, धाप असते, रडू असते, आणि विचारणाऱ्याचाही आवाज त्याच्यापर्यंत पोचलेला असतो, म्हणजे आत कोणीतरी आहे एवढे तरी त्याला कळते. यंत्राचा प्रश्न मात्र तारेला विचारलेला आहे. ज्याच्याविषयी तो विचारला गेला त्याला त्याची वार्ता नाही; एक जण पाहतो आणि दुसरा पाहिला जातो, इतकाच संबंध उरतो.

शिवाय जे कळले ते कितपत कळले? आपल्या नैयायिकांनी पर्वतावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करताना जी दक्षता घेतली, तीच इथे घेतली पाहिजे. पडद्यावर जो दिसतो तो एका लाइनीचा क्रमांक. त्यावरून बोलणाऱ्या व्यक्तीचे अनुमान करावयाचे तर ‘जिथे हा क्रमांक तिथे ही व्यक्ती’ अशी अव्यभिचारी व्याप्ती सिद्ध व्हावयास हवी, आणि ती तर पावलोपावली मोडते. ज्याच्या घरात आग लागली तो शेजाऱ्याच्या घरून फोन करतो; ज्याचा अपघात झाला त्याच्यासाठी रस्त्यावरचा कोणी परका इसम फोन करतो; शाळेत ताप भरलेल्या मुलाचा निरोप शाळेच्या कचेरीतून येतो, आणि रुग्णालयाच्या दारातल्या सार्वजनिक फोनवरून बोलणारा भाऊ त्या क्षणी पडद्यावर भाऊ म्हणून ओळखूच येत नाही. संकटातला माणूस बहुधा आपल्या स्वतःच्या टेलिफोनपाशी नसतो. तेव्हा ज्या क्रमांकाची ओळख पटत नाही त्याच्यामागे कान देण्याची निकड कित्येकदा सर्वांत अधिक असते, आणि यंत्राच्या सवयीने आपण नेमके त्यालाच सर्वांत शेवटी उभे करतो.

निनावी घंटा ही काही अनादि काळापासून चालत आलेली वस्तू नाही, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. बेलचा टेलिफोन १८७६ मधला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे एक्स्चेंजे सुरू झाली ती १८८२ च्या जानेवारीत. आणि त्या काळी दोन घरांना जोडून देणारे एक जिवंत माणूस मध्ये बसलेले असे, ज्याला कोण कोणाला बोलावतो आहे हे ठाऊक असे. पुढे ट्रंक कॉलच्या दिवसांतही ऑपरेटर आधी आपल्याला गावाचे नाव सांगे, मग बोलणे जोडून देई. स्वयंचलित एक्स्चेंजांनी हा मधला माणूस काढून टाकला तेव्हा कुठे घंटा निनावी झाली, आणि त्यानंतर अमेरिकेत १९८० च्या दशकात कॉलर आयडी ग्राहकांच्या हाती आला तेव्हा ती पुन्हा सनाम झाली. त्यावर तिकडे जो वाद माजला तो मोठा उद्बोधक आहे. घरात बसलेल्याला आपल्या दारावर कोण आहे हे कळण्याचा हक्क आहे, असे एका पक्षाचे म्हणणे. तर मारझोडीला कंटाळून आश्रयगृहात गेलेल्या स्त्रीने मुलांची खबर घ्यावयाला घरी फोन केला तर तिचा ठावठिकाणा नवऱ्याला कळेल, हे दुसऱ्या पक्षाचे भय. पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यायालयाने १९९० मध्ये ही सेवा चोरून संभाषण टिपण्याविरुद्धच्या कायद्याचा भंग करते असा निर्णय दिला आणि १९९२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. पुढे १९९५ मध्ये संघराज्याच्या दूरसंचार आयोगाने ठरविले की सेवा चालावी, पण फोन करणाऱ्यास हवा तेव्हा आपला क्रमांक झाकण्याची मुभा विनामूल्य असावी. आपल्याकडे क्रमांकाबरोबर नावही दिसावे अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये केली आहे. तिकडच्या कायद्याने दोन हक्कांची वाटणी अशी करून दिली. धर्माचा प्रश्न मात्र वाटणीनंतरच सुरू होतो, कारण हक्क मिळाल्यावर तो कसा बजावावा हे कायदा सांगत नाही.

त्यासाठी मला दोन कथा एकत्र ठेवून पाहाव्याशा वाटतात. गुरुचरित्रात पीठापूरच्या सुमतीची कथा आहे. घरी श्राद्ध आहे, ब्राह्मण अद्याप जेवावयाचे आहेत, आणि अशा वेळी एक अनोळखी अवधूत भिक्षेला दारी उभा राहतो. श्राद्धाचा क्रम मोडून ती त्याला भिक्षा घालते, आणि तो साक्षात दत्तात्रेय असतो. कोल्हापूरला दत्त माध्यान्ही भिक्षेला येतो ही श्रद्धा, आणि दुपारी दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये ही आपल्या घरांतली वहिवाट, या दोहोंच्या मुळाशी हीच समजूत आहे की येणारा कोण हे आपल्याला ठाऊक नसते. परंतु पंचवटीत सीतेच्या पर्णकुटीसमोर जो उभा राहिला तोही भिक्षेकरीच होता. वेष तोच, याचना तीच. सुमतीपुढे दत्त होता आणि सीतेपुढे रावण. या दुसऱ्या कथेचा विसर ज्यांना पडतो ते अतिथिधर्माचा उपदेश फार सहज करतात. आणि खोटा क्रमांक दाखवून, पोलिसाचे वा बँकेचे सोंग आणून वृद्धांना लुबाडणाऱ्यांच्या आजच्या काळात तो उपदेश तसाच्या तसा करणे मला निर्दयपणाचे वाटते. रात्री-अपरात्री येणाऱ्या अश्लील फोनांनी जिची झोप उडाली आहे अशा एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेला, पडद्यावर क्रमांक दिसू लागला आणि तो तक्रारीत लिहून देता आला, तर ते यंत्र तिचे रक्षकच आहे. तिने कोणाला ओ द्यावी हे तिला बाहेरच्या कोणी सांगू नये.

पण त्या दोन कथांतून निघणारा बोध ‘ओ देऊ नये’ असा नाही. यंत्र वेष वाचते, वेषधारी वाचत नाही; सुमतीच्या दारी ते असते तरी त्याने तिला अवधूतापलीकडे काही सांगितले नसते, आणि सीतेलाही भिक्षूपलीकडे काही सांगितले नसते. वेषाच्या पलीकडे जावयाचे तर माणसाशी बोलावे लागते. आणि ऐकणे व विश्वास ठेवणे ही दोन भिन्न कर्मे आहेत. टेलिफोनचा थोर गुण हा की त्यात कान देता येतो आणि उंबरठा राखता येतो. दोन वाक्ये ऐकून, मनाला न पटल्यास, पैशाचा वा घरचा एक शब्दही न सांगता रिसीव्हर खाली ठेवता येतो. अनोळखी माणसाला आपण देणे लागतो ते एवढेच, की त्याचे पहिले वाक्य ऐकावे. त्याहून अधिक त्याला मागता येणार नाही.

अनोळखी क्रमांकापेक्षा मला अधिक चिंता वाटते ती ओळखीच्या क्रमांकाची. न उचललेल्या घंटेचा पूर्वी एकच अर्थ होता: घरात कोणी नाही. आता तीच घंटा कोणी घरात असून, पाहून, ओळखून नाकारलेली असू शकते, आणि पलीकडच्याला तो भेद कळण्याचा मार्ग नाही. हे मौन असत्य आहे काय? महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची कथा येते. दडून बसलेल्या माणसांचा ठिकाणा त्याने सत्यवचनाच्या हट्टाने दस्यूंना सांगितला आणि तो नरकात गेला. न बोलून निभावत असेल तर बोलू नये, असे श्रीकृष्ण तिथे अर्जुनाला सांगतो. मौनाला ही सवलत आहे खरी, पण ती दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी. म्हाताऱ्या मावशीचे लांबलेले बोलणे टाळण्यासाठी, उसने पैसे परत मागणाऱ्या मित्राला चुकविण्यासाठी, किंवा भांडण झालेल्या भावाने आधी वाकावे म्हणून जे मौन धरले जाते, त्याला कौशिकाच्या कथेचा आधार मिळत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मातही कर्म पाहावयास शिकविले आहे. जाणून न उचललेली घंटा हे त्याचे उदाहरण म्हणून कोणाही कीर्तनकाराने खुशाल द्यावे. न जाणता जे घडत होते त्याला कर्तृत्व नव्हते. जाणिवेबरोबर कर्तृत्व आले, आणि कर्तृत्वाबरोबर उत्तरदायित्व आले.

कित्येक घरांत बाहेरच्या खोलीतल्या टेलिफोनला हे यंत्र जोडलेले असते आणि आतल्या खोलीत, त्याच लाइनीवर, जुना चकतीचा टेलिफोन तसाच असतो. घंटा दोन्हीकडे एकदम वाजते. बाहेर मुलगा आकडे पाहून स्वस्थ बसतो. आत आई आकडे न पाहता ‘हॅलो, कोण बोलतंय?’ म्हणते, आणि बोलणाऱ्याची विचारपूस करू लागते. एकाच तारेवर एकाला माहिती मिळाली आणि दुसरीला माणूस मिळाला. आईने यंत्र वापरावे की नाही याचा आग्रह मी धरणार नाही, पण यंत्र वापरणाऱ्याने आईची ती विचारपूस गमावू नये, असा आग्रह मात्र अवश्य धरीन.

म्हणून ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांना माझी विनंती आहे. ते काढून टाकू नका. त्याच्या स्मृतीत न उचललेले क्रमांक तारीख-वेळेसह नोंदलेले असतात. दिवे लागण्याच्या सुमारास ते बटण दाबून एकदा पाहा, आणि त्यांत ओळखीचा जो क्रमांक तुम्ही जाणून टाळला असेल, त्याला त्याच दिवशी स्वतः फोन करा व न उचलण्याचे कारण खरे सांगा.