मोगूबाईंची तालीम आणि घराण्याचा हिशेब

गायकाचे चरित्र लिहिताना आपल्याकडे शिकण्याची वर्षे दोन-चार पानांत उरकली जातात आणि लेखणी मैफलींकडे, मानसन्मानांकडे वळते. मोगूबाई कुर्डीकरांच्या बाबतीत ही रीत साफ अपुरी पडते. त्यांनी काय शिकायचे, कोणाकडून शिकायचे आणि त्यासाठी किती थांबायचे याबद्दल घेतलेले निर्णय हेच त्यांचे मोठे कर्तृत्व आहे. जयपूर-अत्रौली घराणे आज जिवंत आहे, त्याचे श्रेय घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेबांच्या प्रतिभेइतकेच अशा शिकणाऱ्यांच्या पारखीला द्यायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

मोगूबाईंचा जन्म १९०४ चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. आई जयश्रीबाईंनी त्यांना गाण्याकडे वळवले; पण मोगूबाई लहान असतानाच त्या गेल्या. नाटक मंडळ्यांतून काम करत ही मुलगी पुढे सांगलीला आली. औषधोपचारासाठी तिथे आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी तिचा आवाज ऐकला आणि आपण होऊन तालीम सुरू केली. खाँसाहेब मुंबईला गेले, तेव्हा मोगूबाईही पाठोपाठ गेल्या. मुंबईत मात्र ही तालीम तुटली. मग आग्रा घराण्याचे बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ, त्यानंतर अल्लादिया खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ, आणि अखेर १९३४ मध्ये खुद्द अल्लादिया खाँसाहेबांचा शिष्यत्वाचा रीतसर गंडा. सांगलीतल्या पहिल्या धड्यापासून या गंड्यापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. रंगभूमीचा सराव असलेल्या गळ्याला नाट्यपदांवर नाव मिळवण्याची वाट मोकळी होती. ती सोडून त्यांनी पुन्हा पुन्हा गुरूसमोर बसणे पत्करले.

का पत्करले, याचे उत्तर त्या गायकीतच आहे. जयपूरचे गाणे लयीपासून वेगळे काढता येत नाही. आलाप लयीच्या अंगानेच चालतो, एका मात्रेच्या आतले बारीक हिस्सेही स्वरवाक्य पेलते, आणि समेवर येणे असे सहज घडते की मात्रा मोजल्याचा मागमूस राहत नाही. त्यात अनवट आणि जोडराग. मालकंसात एरवी वर्ज्य असलेले ऋषभ आणि पंचम संपूर्ण मालकंसात येतात. हे दोन स्वर कागदावर लिहून देता येतील. पण ते कुठून यावेत, किती थांबावेत आणि मालकंसाची चाल न मोडता कसे मिसळावेत, हे समोर बसून, चुकून आणि पुन्हा म्हणूनच कळते. तुटक तालमीवर भागणार नाही, हे मोगूबाईंनी ओळखले होते. ही ओळख कलावंताची आहे, आज्ञाधारक शिष्येची नव्हे.

कोणी म्हणेल, राग खाँसाहेबांचे, मांडणी त्यांची. मोगूबाईंनी ते फक्त जपले. हा आक्षेप वजनदार आहे, कारण मोगूबाईंचे गाणे खरोखरच परंपरानिष्ठ होते. पण इतिहासाचा क्रम पाहावा. खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ वडिलांच्या हयातीतच, १९३७ मध्ये गेले. १९४६ मध्ये खाँसाहेब गेले, १९५० मध्ये त्यांचे दुसरे पुत्र भूर्जी खाँ. विद्या केवळ घरात राहिली असती, तर तिचे काय झाले असते? ती पुढे नेली घराबाहेरच्यांनी: केसरबाई केरकर, मोगूबाई, भूर्जी खाँकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. जपणे म्हटले की काही कमी प्रतीचे काम वाटते. प्रत्यक्षात काय अभंग ठेवायचे आणि कुठे दार उघडायचे, याचा निवाडा त्यात सतत करावा लागतो. मोगूबाई शिकवताना कडक होत्या, तरी मुलगी किशोरीला त्यांनी आग्र्याच्या अन्वर हुसेन खाँची आणि भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांची तालीम मिळू दिली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: अशा कौतुकाने आपण हालअपेष्टांनाच मोठे करत नाही का? तसे होता कामा नये. विद्या एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असणे हा अन्याय होता. पतीच्या निधनानंतर तीन मुलांना वाढवत, शिकवण्या करत त्यांनी गाणे चालू ठेवले. बाहेरगावच्या मैफलींत आईला मिळणारी वागणूक पाहून आपण पुढे आयोजकांशी कठोर झालो, असे किशोरीताईंनी उघडपणे सांगितले आहे. हालांनी मोगूबाईंना घडवले, असे म्हणणे म्हणजे त्या वागणुकीलाच श्रेय देणे. हालांत त्यांची वर्षे गेली, मैफली गेल्या. ते नुकसान नुकसान म्हणूनच नोंदवले पाहिजे. त्यांना १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ मध्ये पद्मभूषण. तोवर त्यांनी साठी ओलांडली होती.

कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, पद्मा तळवलकर अशी त्यांची शिष्यशाखा पाहिली, तर घराण्याची केवळ बापलेकांची वंशावळ किती तोकडी आहे, ते दिसते. किशोरीताईंच्या गाण्याची चर्चा तर आजही आईच्या शिस्तीविरुद्धचे बंड म्हणून केली जाते. ज्या वेगळ्या तालमींतून त्या वेगळेपणाला बळ मिळाले, त्यांची वाट आईनेच मोकळी ठेवली होती. त्या गाण्याचे श्रेय वाटताना मोगूबाईंचा हा निर्णयही हिशेबात धरावा लागेल.