अभ्यासाचा ठसा कोठे उमटतो?

अभ्यासाने मनुष्य बदलतो याविषयी भारतीय दर्शनांत फारसा वाद नाही. वाद आहे तो हा बदल नेमका कोणात होतो, देहात, चित्तात की आत्म्यात, याविषयी. या वादाची चर्चा रायपूरच्या संदर्भात करण्याला एक औचित्य आहे. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे दोन मराठी ग्रंथ हिंदीत आणणारे माधवराव सप्रे यांची ही कर्मभूमी असून १९२६ साली त्यांचे निधनही येथेच झाले. आणि याच छत्तीसगडात, खैरागडच्या राजवाड्यात, १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले, ज्याचे कुलगुरुपद आरंभीच्या काळात भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी भूषविले. आत्मविचार आणि स्वराभ्यास या दोन्ही परंपरा ज्या प्रदेशाला परिचित आहेत, तेथे पियानोवादकांच्या मेंदूविषयी गेल्या तीन दशकांत जे आढळून आले, त्याचा दार्शनिक अर्थ लावून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

संशोधकांनी पियानो निवडला यामागे कारण आहे. मराठी घरांत आढळते ती पेटी. तिच्यात एक हात भात्यात गुंतलेला असतो, तर पियानोवर दोन्ही हातांना एकाच वेळी वेगवेगळे काम करावे लागते, डोळे स्वरलिपी वाचत असतात आणि निघालेल्या नादावर कानांचा पहारा असतो. (पियानोवर मींड निघत नाही, ही आपल्या संगीताची तक्रार येथे बाजूला ठेवावी लागेल.) १९९५ साली गॉटफ्रीड श्लाउग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतुपट्ट्याचा, म्हणजे कॉर्पस कॅलोझमचा, पुढील भाग वादकांमध्ये अधिक मोठा असतो, आणि वयाच्या सातव्या वर्षापूर्वी शिकू लागलेल्यांत हा फरक विशेष जाणवतो. त्याच वर्षी अल्वारो पास्कुआल-लिओन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, जो दार्शनिकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. पियानो न येणाऱ्या व्यक्तींना पाच बोटांचा एक साधा पाठ देऊन पाच दिवस, रोज दोन तास, त्याचा सराव करावयास सांगितले असता बोटांची हालचाल चालविणारे मेंदूतील क्षेत्र विस्तारल्याचे दिसले. परंतु ज्यांनी बोट न हलविता तोच पाठ केवळ मनात वाजविला, त्यांच्या मेंदूतही जवळजवळ तसाच विस्तार आढळला.

या दुसऱ्या निष्कर्षावर धार्मिक लेखक झडप घालतात आणि मन हे जडावर सत्ता चालविते हे विज्ञानानेच सिद्ध केले असे सांगतात. ही घाई आहे, कारण मनात वाजविणे हीसुद्धा मेंदूचीच क्रिया आहे, असे म्हणण्यापासून जडवाद्याला कोणी अडवू शकत नाही. खरा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे, आणि तो आपल्याच दर्शनांमधील एका जुन्या मतभेदाशी येऊन भिडतो.

न्याय-वैशेषिकांच्या मते संस्काराचे तीन प्रकार आहेत: वेग, स्थितिस्थापक आणि भावना. यांपैकी पहिले दोन जड द्रव्यांत राहतात, तर भावना, म्हणजे पूर्वानुभवाचा जो ठसा पुढे स्मृती उत्पन्न करतो तो, आत्म्याचाच गुण आहे. सांख्य आणि योग यांना हे मान्य नाही. त्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन ही सर्व प्रकृतीची, म्हणजे मूळ जड तत्त्वाची, रूपे असून संस्कार साठतात ते चित्तात. पुरुष, म्हणजे साक्षी चैतन्य, कशानेच घडत नाही आणि बिघडतही नाही. गीतेचा तेरावा अध्याय या बाबतीत सांख्यांच्या बाजूला झुकतो, कारण तेथे इच्छा, द्वेष, सुख आणि दुःख यांच्याबरोबर चेतना आणि धृती यांचीही गणना क्षेत्रात, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या देहादि समूहात, केलेली आहे. टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या सहाव्या प्रकरणात क्षेत्रक्षेत्रज्ञविचार मांडला, तो याच भेदाच्या आधाराने.

आता क्लाइव्ह वेअरिंग या इंग्रज संगीतज्ञाचे उदाहरण घ्यावे. १९८५ साली मेंदूच्या दाहाने त्यांची स्मृती अशी नष्ट झाली की काही क्षणांपूर्वी काय घडले तेही त्यांना सांगता येईना. तरीही पियानोसमोर बसविले असता ते वाजवू शकत होते. देहाच्या एका भागाला इजा झाली, तेव्हा घटनांची स्मृती गेली आणि हातांचे कौशल्य मात्र उरले. नैयायिक यावर निरुत्तर होणार नाही: संस्कार आत्म्यात शाबूत आहे, केवळ त्याला जागे करणारे साधन मोडले, असे तो म्हणेल. पण एकच साधन एका प्रकारच्या संस्कारासाठी मोडते आणि दुसऱ्यासाठी चालू राहते, असे मानताना त्याला देहाच्या रचनेवर इतका भार टाकावा लागतो की आत्म्यातील भावनेला काम उरत नाही. सांख्याला मात्र ही अडचणच नाही. ठसा प्रकृतीत उमटला आणि प्रकृतीतच अंशतः पुसला गेला. मेंदूविज्ञानाने आत्मा खोटा ठरविला असे म्हणणाऱ्यांनी, आणि तो खरा ठरविला असे म्हणणाऱ्यांनीही, हे ध्यानात घ्यावयास हवे की कौशल्य आत्म्याचे नव्हे, ही गोष्ट या देशातील एका मोठ्या परंपरेने फार पूर्वीच मान्य करून टाकलेली होती.

या मान्यतेची किंमत मात्र पुनर्जन्माच्या प्रश्नापाशी द्यावी लागते. गीतेच्या सहाव्या अध्यायात योगभ्रष्टाविषयी, म्हणजे योगमार्गावरून मध्येच ढळलेल्या साधकाविषयी, सांगितले आहे की पूर्वजन्मीचा अभ्यास त्याला, त्याची इच्छा असो वा नसो, पुढे खेचून नेतो. एखादे मूल लहानपणीच वाद्याकडे ओढले जाते, तेव्हा भाविक मनाला हेच वचन आठवते. स्वीडनमधील हजारो जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून २०१४ साली असे पुढे आले की सराव करण्याची प्रवृत्तीही बऱ्याच अंशी आनुवंशिक असते; म्हणजे मुलाची ओढ त्याने या जन्मी कमावलेली नाही, एवढ्यापुरते दोन्ही पक्ष एकमत आहेत. पुढे २०१८ साली तेथील संशोधकांनी अशी एकबीज जुळी तपासली, ज्यांपैकी एकाने वादन चालू ठेवले होते आणि दुसऱ्याने नाही. आनुवंशिकता तीच असूनही वाजविणाऱ्यांच्या मेंदूत श्रवण आणि हालचाल यांच्याशी संबंधित भागांची जाडी अधिक भरली. तोच पिंड असता एक वाद्याला चिकटून राहतो आणि दुसरा ते सोडून देतो, याला कर्मवादी पूर्वसंस्कार म्हणेल आणि समाजशास्त्रज्ञ घर, शिक्षक व योगायोग यांकडे बोट दाखवील. पण केवळ कारण सापडले नाही म्हणून त्या रिकाम्या जागेत पूर्वजन्म बसविणे, हे प्रमाणशास्त्राला धरून होत नाही.

सांख्यांचे उत्तर असे की संस्कार लिंगशरीराबरोबर जातात आणि हे सूक्ष्म शरीर बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रिये आणि पाच तन्मात्रे अशा अठरा तत्त्वांचे बनलेले असते. परंतु ही अठराही तत्त्वे प्रकृतीची, म्हणून जडच आहेत. चितेवर मेंदू जळून जातो. त्यात वर्षानुवर्षे घोटून उमटलेला ठसा त्यापूर्वी या दुसऱ्या, सूक्ष्म जडात कोणत्या मार्गाने उतरतो, हे सांगण्याची जबाबदारी सांख्यांवर येते. पुरुषाविषयी अशी पृच्छा करता येत नाही, कारण तो कधी विषय होत नाही. लिंगशरीराला ही सवलत त्यांनी स्वतःच ठेवलेली नाही.