सात वर्षांच्या मुलाला कसलं ओवळं?

16 नोव्हेंबर 2018च्या पहाटे गजा चक्रीवादळ तंजावर जिल्ह्यातल्या आमच्या ओरत्तनाडूवरून गेलं. भावाच्या नारळबागेत उभं राहिलेलं झाड शोधावं लागत होतं. वीज कित्येक दिवस नव्हती. थोरली माणसं अंधारात कर्जाचं बोलत बसायची आणि शेजारी निजलेला भावाचा सात वर्षांचा नातू सगळं ऐकायचा. कधीचंच कोरडं झालेलं त्याचं अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं.

तंजावरच्या आम्हा मराठी घरांत सोवळं अजून टिकून आहे. अंथरूण ओलं झालं की वहिनी त्याला आंघोळीनंतरही देवघरात येऊ देईनात. शिक्षा धर्माच्या नावानं झाली, म्हणून मी धर्मशास्त्रच काढलं. गौतमधर्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभच याचा आहे: मुंजीआधी मुलाला मलमूत्राचे नियम नाहीत, आचमनाचा विधी नाही, त्याला शिवल्यानं कुणाला विटाळ नाही. होम आणि बली त्याच्याकडून करवू नयेत, असं बंधन मात्र आहे. मुलींची मुंज होत नाही म्हणून त्यांना ही सूट नाही, असं कुणी म्हणालं तर त्याच्याशीही मी भांडेन. आणि ज्या दासबोधाची आमच्या घरी पारायणं होतात, त्याच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी गर्भवासातली घाण काहीही न झाकता वर्णिली आहे. तिच्यातूनच आपण सगळे आलो. मग एकट्या पोराला ओवळं कोण ठरवणार?

तंजावरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासली. जंतुसंसर्ग नाही, साखर नाही. पोट मात्र साफ होत नव्हतं, त्यावर औषध दिलं. दिवसा भरपूर पाणी, संध्याकाळनंतर कमी, निजण्याआधी लघवीला नेणं, आणि रागावणं पूर्ण बंद. मूल हे झोपेत करतं, मुद्दाम नाही. भीतीनं सुरू झालेलं धाकानं वाढतं, असं त्यांनी वहिनींना समोर बसवून सांगितलं. वहिनी ऐकत गेल्या. हळूहळू रात्री कोरड्या जाऊ लागल्या.

ज्या धर्माचा आम्हाला अभिमान, त्याचा पुरावा ओरत्तनाडूतच उभा आहे: तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या प्रियेच्या, मुक्तांबेच्या नावानं बांधलेलं छत्र, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. रामेश्वरच्या वाटेवरच्या छत्रांविषयी राजांनी 1801 साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं, त्यात हे आहे: परक्या यात्रेकरूंची पोरकी मुलं तिथे शिक्षकाच्या हाती सोपवली जात. त्यांना तीन वेळा जेवण, चार दिवसांनी अंगाला तेल, आजारात औषध, पुढे आवडीची विद्या आणि लग्नाचा खर्चही. आईबाप गमावलेली ती मुलं रात्री अंथरूण ओलं करत नसतील? तरीही त्यांना सांभाळणं राजानं धर्मच मानलं.

घरावर संकट आलं असेल आणि तुमचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल, तर चादर बदला, त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि आंघोळ झाली की देवापुढे आपल्या शेजारी बसवून घ्या.