कोणत्या दिवसाचा आकडा?

लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत रेसचे नाव कशाला, असे एखाद्या घरातील वडीलधारे म्हणतील. त्यांची शंका रास्त आहे. रेसपायी दागिने मोडलेली घरे आपल्याकडे थोडी नाहीत; आणि शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, म्हणून ती घरे काही पुन्हा उभी राहिली नाहीत. परंतु जुगार बाजूस ठेवला, तरी त्या मैदानावर एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो माझ्यासारख्या शाळामास्तरालाही चुकत नाही. धावणाऱ्याची किंमत त्याच्या कोणत्या दिवसावरून करावी?

महालक्ष्मीला किंवा पुण्याला बाराशे मीटरची शर्यत घोडा सव्वा मिनिटाच्या आत संपवतो. म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात एका घोड्याच्या लांबीहून अधिक अंतर तुटते. इतक्या बारीक हिशेबात घड्याळ खरे बोलते, पण पुरते बोलत नाही. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला. भिजलेल्या हिरवळीत टाप रुतते. मुंबईचा हिवाळ्यातला, जमीन टणक. तोच घोडा, तेच अंतर आणि वेळ मात्र निराळी! म्हणून जाणकार त्या दिवशी धावलेल्या इतर घोड्यांच्या वेळा पाहतो, मैदान किती मंद होते ते ताडतो, तेवढी सूट देतो आणि मग वेगाचा आकडा मांडतो. अमेरिकेतील पत्रकार अँड्र्यू बायर यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकातून ही रीत लोकांपुढे ठेवली.

खरी पंचाईत त्यापुढे आहे. एकाच घोड्याच्या पाच शर्यतींचे पाच आकडे समोर आहेत; धरावा कोणता? सर्वांत मोठा धरावा, तर तो दैवयोगाचा असेल. शेवटचा धरावा, तर त्या दिवशी घोडा घोळक्यात कोंडला गेला असेल. सरासरी काढावी, तर ती अशा घोड्याची निघते, जो कधी धावलाच नाही!

आमच्या भिवंडीत यंत्रमागावरच्या कारागिराची मजुरी मीटरवर ठरते. सूत कच्चे आले, ताणे तुटत राहिले, दुपारी वीज गेली, की मीटर कमी भरतात. हिशेबाच्या वहीत मीटर दिसतात. तुटलेले सूत दिसत नाही. त्याच कारागिराचा मुलगा वर्गात बसतो. रात्रभर भिंतीपलीकडे मागांची खडखड आणि सकाळी गणिताचा पेपर. पडले पस्तीस गुण. घोड्याच्या बाबतीत मैदानाची चौकशी करणारे आपण, या पोराच्या मैदानाची कधी करतो काय?

कोणी म्हणेल, अशी सूट देत बसलो तर आकड्याला अर्थ काय उरला? उद्या पूल बांधणाऱ्याचे गणित कच्चे राहिलेले चालेल? मुळीच नाही. पण सूट म्हणजे दया नव्हे. जाणकार लंगड्या घोड्याला वेगवान म्हणत नाही. मैदानाचा दोष तो घोड्याच्या नावावर मांडत नाही, एवढेच.

तरीही रेसवाल्याची दृष्टी आपल्याला पुरी पडणार नाही. त्याला दुपारच्या एका शर्यतीपुरते भाकीत करायचे असते. निकाल लागला की तिकिटाबरोबर घोडाही तो विसरतो. आईबाप आणि मास्तर काही तिकीट काढून बसलेले नसतात. भाकीतच करायचे असेल, तर खुशाल सरासरी धरावी. वाढवायचे असेल, तर सर्वांत चांगल्या दिवसाचा आकडा धरावा. तो दैवयोगाचा असला, तरी एवढे बळ या अंगात आहे, याची तो साक्ष देतो. शिवाय घोड्याला आपला आकडा कळत नसतो, मुलाला कळतो. आपण ज्या आकड्याने त्याला हाक मारतो, त्याच चालीने तो धावू लागतो.

दिवाळीच्या सुटीत पुष्कळ घरांत सहामाहीची गुणपत्रिका येऊन पडलेली असते. ती उघडताना त्या दिवसांत मैदान कसे होते, एवढे आधी विचारावे. आकडा काय, मागाहून वाचता येतो.