पेटीला रंग कोणता द्यावा?



पावसाळ्याआधीची गोष्ट. आपल्या धर्मग्रामातला एक तरुण संध्याकाळच्या मिस्सानंतर मला भेटला. त्याच्या आजोबांची हत्यारांची पत्र्याची पेटी घराच्या पडवीत कित्येक वर्षे पडून होती. आजोबा लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. पहाटेची विरार गाडी पकडून त्यांनी सारी नोकरी केली. पेटी शाबूत होती, पण तळाला गंज चढला होता, हिरव्या रंगाचे पोपडे सुटले होते, एक बिजागरी मोडली होती. नातू ती दुरुस्त करून वापरणार होता. घरात मात्र एकमत होईना. त्याला लालभडक रंग हवा होता. वडील म्हणत, होता तसा हिरवाच द्या. आजी म्हणे, हातच लावू नका. शेवटी तो मला म्हणाला, "फादर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकलात ना? मग सांगा, रंग कोणता देऊ?"

मी हसून म्हणालो, "अरे, सगळा जुना रंग खरवडून काढ आणि आवडेल तो दे. पेटी ती पेटीच." सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना आम्ही हेच घोकले होते. वस्तूचे सत्त्व वेगळे आणि तिचे आगंतुक गुण वेगळे. रंग हा आगंतुक गुण. हिरवी पेटी लाल झाली म्हणून ती दुसरी पेटी होत नाही. पुस्तकाप्रमाणे उत्तर बरोबर होते, पण ते किती घाईने दिले होते हे मला पुढे कळले. त्या कुटुंबाच्या परवानगीने ती हकिगत इथे सांगतो.

तो रंग खरवडायला बसणार, तेवढ्यात गावातल्या एका जुन्या रंगाऱ्याने त्याला थांबवले. "कोरडा पॉलिश पेपर मारू नकोस," तो म्हणाला. त्याचे बरोबर होते. जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसे असू शकते. लोखंडावर पूर्वी जे शेंदरी अस्तर देत, ते तर शिशाचेच. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साईड. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून जास्त नसावे असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्याचा भरवसा कोणी द्यावा? असा रंग कोरडा घासला की धूळ उडते. ती लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीला बाधा येते, आणि त्यांच्यासाठी अमुक इतके शिसे निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. त्या घरात दोन वर्षांची मुलगी आहे. म्हणून काम अंगणाच्या पार टोकाला नेले. तोंडाला मास्क, पाण्याचा पॉलिश पेपर, खाली प्लास्टिक, आणि घासून निघालेला गाळ मातीत न ओतता पिशवीत बांधून ठेवला. जुन्या वस्तूची माया कितीही असो, तिची किंमत घरातल्या लेकराने मोजू नये. रंगाच्या निवडीत पहिला विचार याचा.

ओले घासता घासता हिरव्याखाली राखाडी रंग निघाला आणि राखाडीखाली शेंदरी अस्तर. आता "होता तसा रंग द्या" म्हणणाऱ्या वडिलांनाही प्रश्न पडला. होता तसा म्हणजे कधी होता तसा? कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा, की आजोबांच्या हातात होती त्या दिवसांतला?

हा वाद नवा नाही. युरोपात जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धारावरून तो मोठमोठ्या माणसांनी घातला आहे. इंग्रज लेखक जॉन रस्किन यांनी १८४९ साली लिहिले की असा जीर्णोद्धार म्हणजे निव्वळ खोटेपणा. गेलेला काळ परत आणता येत नाही, त्यापेक्षा वेळच्या वेळी निगा राखा. पॅरिसच्या नोत्र-दामचे काम केलेले व्हिओले-ल-द्युक यांचे म्हणणे याच्या उलट. त्यांच्या मते वास्तूला पूर्ण रूप द्यावे, मग ते रूप पूर्वी कधी एका वेळी अस्तित्वात नसले तरी चालेल. रोममधील मध्यवर्ती जीर्णोद्धार संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी १९६३ सालच्या आपल्या ग्रंथात मधली वाट दाखवली. तुटलेले जरूर सांधा, पण खोटा इतिहास रचू नका आणि वस्तूवरून काळ गेल्याच्या खुणा पुसू नका. नवी जोड जवळून पाहणाऱ्याला नवी म्हणून ओळखू यावी. हे सारे विचार चित्रांसाठी आणि मोठ्या देवळांसाठी मांडलेले. फिटरच्या पेटीला ते लागू पडतील असे मला वाटले नव्हते.

पण दुसऱ्या दिवशी झाकणाची आतली बाजू घासताना हिरव्या रंगाखाली उठाव लागला. हळूहळू पाण्याचा हात फिरवला, तशी राखाडी पत्र्यावर ब्रशने काढलेली पांढरी अक्षरे दिसू लागली. नाव आणि आडनाव. ते आजोबांचे नव्हते.

तो पेटी घेऊन आजीकडे गेला. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून म्हणत होते हात लावू नको. ही तुझ्या आज्याची नव्हे. संपातली आहे."

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तो संप आठवत असेल. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्या बंद पडल्या. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि हजारो संसार उघड्यावर आले. परळचे वर्कशॉप गिरण्यांच्या शेजारीच. पगार थांबून कित्येक महिने झालेला एक गिरणीतला फिटर आपली पेटी हत्यारांसकट विकायला घेऊन आला. त्याने जी किंमत सांगितली, तिच्या निम्मे पैसे आजोबांनी त्याच्या हातावर ठेवले. तो घासाघीस न करता निघून गेला. पुढच्याच रविवारी आजोबांनी हिरव्या रंगाचा डबा आणला. आजी म्हणाली, "पेटी उघडली की ते नाव समोर यायचं. मग त्यांना डबा जात नसे."

आजोबांनी चोरी केली नव्हती. कायद्याने तो साधा व्यवहार होता. एकाने विकले, दुसऱ्याने घेतले. पण संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य किमतीचा विचार करताना स्पष्ट म्हटले आहे की, वस्तू मोलापेक्षा महाग विकणे जसे अन्यायाचे, तसेच मोलापेक्षा स्वस्तात घेणेही. समोरचा अडला होता म्हणून मिळालेली स्वस्ताई ही आपली हुशारी नसते. आजोबांना हे कोणी शिकवले नसेल, पण त्यांच्या मनाला ते ठाऊक होते. म्हणून तर रंगाचा डबा आणला.

इथे माझे सेमिनरीचे उत्तर लंगडे पडले. रंग आगंतुक असेल, पण तो देण्यामागचा हेतू आगंतुक नसतो. रंग दोन कामे करतो. एक, लोखंडाला हवा आणि ओल यांपासून वाचवतो. आपल्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा फार दिवस टिकत नाही, म्हणून "काहीच लावू नका" हे प्रेम पेटीला मारूनच टाकेल. दुसरे काम लपवण्याचे. दोन्ही कामे एकाच डब्यातून होतात, आणि वरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. चुना फासलेल्या कबरींविषयी प्रभू येशू बोलला तेव्हा त्याचा राग चुन्यावर नव्हता.

मग तो तरुण पुन्हा माझ्याकडे आला. या वेळी हसत नव्हता. "फादर, नाव तसंच ठेवलं तर आजोबांची बदनामी नाही का?" मी लगेच उत्तर दिले नाही, एकदा चुकलो होतो. आम्ही दोघांनी ती अक्षरे पाहिली. आजोबांनी ती खरवडून काढली नव्हती, नुसता वरून रंग दिला होता. त्यातून मोठा अर्थ काढायचा मोह मी आवरला. कदाचित कंटाळा केला असेल. पण अक्षरे राहिली होती हे खरे. आणि ती राहिली म्हणून हिशेब अजून मिटलेला नाही हेही कळले. आपण ती पुन्हा झाकली, तर आजोबांची लाज झाकली जाईल. त्या दुसऱ्या माणसाचे देणे मात्र तसेच राहील. आता ते माहीत असलेले आपण आहोत. मेलेल्या माणसाला दोष देणे सोपे, त्याचे उरलेले काम पुरे करणे हा खरा मान.

रंगाचे शेवटी असे ठरले. बाहेरून गंज स्वच्छ पत्र्यापर्यंत काढला. शिशाऐवजी झिंक फॉस्फेटच्या प्रायमरचे अस्तर दिले. त्यावर हिरव्या इनॅमलचे दोन पातळ हात, पहिला पुरता सुकल्यावर दुसरा. हिरवा यासाठी, की त्या रंगाखाली आजोबांनी वीसेक वर्षे घाम गाळला, तेही खोटे नव्हते. दुकानदाराने हॅमरटोन सुचवला होता. त्याच्या दाणेदार पोतात पोचे दिसत नाहीत. नातवाने तो घेतला नाही. चकचकीत इनॅमलमध्ये प्रत्येक पोचा उठून दिसतो. दिसू दे, म्हणाला. पोच्यांत लांबी भरली नाही. रोज आदळआपट होणाऱ्या पेटीत ती तशीही टिकली नसती. नवी बिजागरी पितळेची लावली आणि तिला रंग दिला नाही, म्हणजे नवी जोड नवीच दिसेल. झाकणाच्या आत अक्षरांभोवतीचा वीतभर तुकडा तसाच ठेवून त्यावर पारदर्शक लॅकर दिला. तिथे तिन्ही थर दिसतात आणि नाव वाचता येते. आजी ते पाहून इतकेच म्हणाली, "आता उघडी असली तरी चालेल."

तो तरुण त्या नावाच्या शोधात परळला दोनदा जाऊन आला. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. जुन्या चाळींत विचारले, काही हाती लागले नाही. तो अजून विचारतो आहे. सापडले कोणी, तर हत्यारांची उरलेली किंमत देण्याची घरच्यांची तयारी आहे. न सापडले तर काय करायचे, हे मला विचारलेत तर मी आज सांगू शकत नाही. एवढे सांगतो, की ते नाव झाकले असते तर शोधही संपला असता.

बंधू-भगिनींनो, आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी पेटी असते. कोणाची जमीन, कोणाचा दागिना, कोणाचा वाटणीचा कागद. तिला रंग जरूर द्या. गंजू देणे हा काही पुण्याचा मार्ग नव्हे. मात्र ब्रश हातात घेण्यापूर्वी झाकण उघडून पाहा, आत कोणाचे नाव आहे?

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू